उसने सर आणि एक ‘म्हणे’

माझं चुकत असेल, पण मला उसने सरांबद्दल थोडं लिहायचं आहे. खरं तर हा अधिकार माझा नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि लिहायचं म्हणाल तर आजवर परीक्षेचे पेपर आणि कचेरीतले अहवाल एवढंच लिहिलं. सरांना माझ्यापेक्षा जवळून ओळखणारी माणसं आहेत. पण त्यांच्यातलं कुणी लिहील असं दिसत नाही, म्हणून हे धाडस. सरांच्या शिस्तीनं सांगायचं तर जे पाहिलं ते पाहिलं म्हणून लिहितो, ऐकलं ते ऐकलं म्हणून. वाटलं ते कमीच ठेवीन.

‘उसने’ हे त्यांचं आडनाव नव्हे. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. पोलिसांची माहिती शाखा, जकात आणि आमचं दारूबंदी खातं, या तिन्हीकडे काही कनिष्ठ माणसं अशी होती की खबऱ्यांनी आणलेल्या बातम्यांत दाणा कुठला आणि खडा कुठला हे साहेबांना सांगणं त्यांचं काम. कागदावर त्याला ‘गुप्तवार्ता विश्लेषण’ असं भारदस्त नाव होतं. हे काम शिकवायला एकाही खात्याकडे पुरेशी माणसं नव्हती. मग ठरलं की तिघांनी मिळून अंबरनाथला एक वर्ग चालवावा आणि शिक्षक आळीपाळीनं द्यावेत. प्रत्यक्षात दोन खात्यांचे शिक्षक ‘कामाच्या निकडीमुळे’ कधी आलेच नाहीत. आले ते पोलिसांचे एकटे सर. त्यांच्या जागी मूळ शाखेत लगेच दुसरा माणूस बसला आणि सर तेव्हापासून कुणाचेच उरले नाहीत. मुदत संपत आली की तिन्ही खाती एकमेकांना विचारत, ‘यांना अजून ठेवायचं का?’

पहिल्याच दिवशी जकातीच्या किशननं मला कोपरानं ढोसून विचारलं होतं, “ये सर किसके हैं? तुमचे की त्यांचे?” किशन उल्हासनगरचा सिंधी, त्याचं एक वाक्य दोन भाषांत पुरं व्हायचं. मी काही बोलायच्या आत फळ्याकडे तोंड करून उभे असलेले सरच म्हणाले, “उसना आणलाय मला. शेजारून साखर आणतात तसा.” वर्ग हसला आणि नाव पडलं. सर मात्र त्यावर एक पुस्ती जोडायचे. “उसनी वाटी रिकामी परत करायची नसते हे तुमच्या आयांना विचारा. तुम्ही आपापल्या खात्यात परत जाल तेव्हा काहीतरी घालून जा, म्हणजे झालं.”

वर्ग भरायचा शिवमंदिराच्या रस्त्याला, आमच्या खात्याच्या एका जुन्या गोदामात. जप्तीचा माल तिथून हलवला होता, पण काळ्या गुळाचा आणि नवसागराचा वास भिंतींतून हलला नव्हता. फळा जकातीचा, खडू पोलिसांचे. खडू संपले की मागणीपत्र जाई आणि उत्तर येई की मागच्या खेपेला आम्ही दिले, आता इतरांनी द्यावेत. मग सर स्वतःच्या खिशातून तुकडा काढत, धोतराला नीळ घालावी तसा जपून फळ्यावर फिरवत.

फळ्यावर तीन रकाने कायमचे आखलेले असत. पाहिले, ऐकले, वाटले. कुठलीही खबर आली की तिचं प्रत्येक वाक्य उचलून योग्य रकान्यात ठेवायचं, एवढंच ते शिकवत. ऐकायला सोपं, पण आमची फार भांडणं होत. माहिती शाखेचे भोईर हवालदार आमच्यात वयानं मोठे, इथल्याच मातीतले. ते चिडून म्हणायचे, “सर, नोकरीत केस पांढरे झाले. मला ठाऊक आहे म्हणजे आहे.” सर शांतपणे विचारत, “भोईर, ठाऊक हा चौथा रकाना कुठाय?”

आणि ‘म्हणे’ हा त्यांचा लाडका शब्द. “मराठीनं आपल्याला हा शब्द फुकट दिलाय,” ते सांगत. “शेजारीण येते, ‘अमकीचं लग्न मोडलं म्हणे.’ तुमची आई ते ऐकते, पण छातीठोकपणे कुणाला सांगत नाही. तिला कळतं की त्या ‘म्हणे’च्या आत अजून शंका आहे. तुम्ही मात्र कचेरीत शिरताना तो चपलांबरोबर बाहेर काढून ठेवता. म्हणे गाळला की अफवेचा अहवाल होतो.”

माझ्याबाबतीत त्यांना उलटी काळजी होती. माझे वडील शहाडला कारखान्यात कामाला. मी सकाळी कॉलेजात बी.ए.चं शेवटचं वर्ष करत होतो आणि मोठ्या खटपटीनं ही नोकरी लागली होती. आपण या खुर्चीवर चुकून बसलो आहोत आणि कधीही उठवतील अशी धास्ती मनात असायची. तोंड उघडण्यापूर्वी मी ‘माझं चुकत असेल, पण’ म्हणायचो. किशन माझी नक्कल करायचा. सरांनी एकदा मला उभं केलं. मला वाटलं आता रागावणार. ते म्हणाले, “चुकत असेल तर ‘वाटले’खाली लिही. पण लिही. तो रकाना मी तुझ्यासारख्यांसाठीच आखलाय.” तसं मला तोवर कुणी काही सांगितलं नव्हतं.

जांभूळची गोष्ट त्याच वर्षीची. बदलापूरजवळच्या जांभूळ गावात एका म्हाताऱ्याच्या घरी चोरट्या स्पिरिटची पिंपं लपवली आहेत, अशी खबर आमच्या खात्याला लागली. पोलिसांना लागली. जकातीलाही लागली, कारण माल नाका चुकवून आला होता म्हणे. तीन खात्यांना तीन ठिकाणांहून एकच बातमी, म्हणजे पक्की. एकत्र धाड घालायचं ठरलं. साहेब लोक खुश होते. सरांना वाटत होतं की या निमित्तानं तिन्ही खात्यांना वर्गाची किंमत कळेल. वर्गासाठी शिक्षकाची एक कायमची जागा मंजूर व्हावी म्हणून त्यांचा अर्ज कधीचा पडून होता. ती मंजूर झाली तर वर्गाला घर मिळणार होतं आणि सरांनाही.

त्यांनी आम्हाला सराव म्हणून सांगितलं, “खबऱ्याचं नाव मला नको, एकमेकांनाही सांगू नका. तो नेमकं काय बोलला तेवढं त्याच्याच शब्दांत लिहून आणा. साहेबी मराठी नको.”

दुसऱ्या दिवशी तिघांनी मोठ्यानं वाचलं. भोईरांचं वाक्य होतं, “सासूच्या न्हाणीमागं पिंपं हायेत.” माझं होतं, “पिंपं सासूच्या न्हाणीमागं, वर गोणपाट.” किशननं आपला कागद पाहिला आणि बाकावरून उठलाच. “साईं, माझ्यात पण सासू! तीनों में सासू!”

वर्ग खो खो हसत सुटला. भोईर हसले नाहीत. ते म्हणाले, “पण सर, घर म्हातारा-म्हातारीचं हाय. त्या घरात सासू कुणाची?”

मला उत्तर दिसत होतं. सर माझ्याकडेच बघत होते. मी म्हटलं, “माझं चुकत असेल, पण... जावयाची.”

सर खाली बसले. खबऱ्या तीन नव्हते, एकच होता. ‘सासूची न्हाणी’ असं म्हणणारा माणूस त्या घराचा जावईच असणार, आणि तोच तिन्ही दारांत जाऊन आला होता. भोईरांनी मग गावातली खबर काढली. मुलगी नांदायला नकार देऊन माहेरी आली होती आणि जावयानं ‘बघून घेईन’ असा दम भरला होता. म्हणे. “तोंडं तीन आणि पोट एक,” सर म्हणाले. “आपण एका बाकावर बसलो नसतो तर हे कुणाला दिसलं असतं?”

पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. “हे सगळं अजून ‘वाटले’ आहे. चल माझ्याबरोबर,” म्हणून मला घेऊन जांभूळला गेले. त्या दारात उभं राहून त्यांनी हाक मारली, “आई, पाणी पाजाल का?”

म्हातारी बाहेर आली. “या ना, बसा. पानी कालचा हाय, चालंल का? नल हाय दारात, पन पानी कवा येल त्याचा भरोसा नाय.” आणि ती आम्हाला घेऊन गेली थेट न्हाणीमागं. पिंपं होती. वर गोणपाटही होतं. तिनं ते बाजूला सारून तांब्या बुडवला. ज्या गावातून कारखान्यांना पाणी जातं त्या गावात म्हातारी पिंपांत पाणी साठवून बसली होती. सरांनी एकेक पिंप वाकून पाहिलं, तांब्याभर पाणी सावकाश प्यायलं आणि मला म्हणाले, “लिही. पाहिले. कंसात, चाखले.”

धाड रद्द झाली. म्हातारीच्या दारात पोलिसांची गाडी गेली नाही, एवढं चांगलं झालं. पण तिन्ही साहेबांचे चेहरे उतरले, कारण तिघांचा ‘खास’ माणूस एकच निघाला होता. एक मोठे साहेब वर्गात आले ते उभ्या-उभ्याच बोलले, “तुमच्या वर्गात आमच्या खबऱ्याची वाच्यता झाली.”

“नाव कुणीच घेतलं नाही, साहेब,” सर म्हणाले. “सासू घेतली.”

साहेब हसले नाहीत. यापुढचं मी पाहिलेलं नाही, कचेरीतल्या कारकुनाकडून ऐकलं. सरांना सुचवण्यात आलं की प्रत्येक खात्यानं आपापल्या चौकशीतून खबर खोटी ठरवली, असा अहवाल द्या. वर्गाचा उल्लेख नको. मग जागेचा अर्जही मार्गी लागेल. सरांनी दोन दिवस मागून घेतले. ते दोन दिवस मात्र मी पाहिले. सर शिकवताना तुटकपणे बोलत होते, भोईरांवर उगाच खेकसले, खडू मोडला तर दुसरा काढला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी अहवाल दिला. त्यात एकच ओळ महत्त्वाची होती, ती पुढं आमच्या खात्यात सगळ्यांना तोंडपाठ झाली. ‘तिन्ही खात्यांची खबर एकाच तोंडची होती. हे तिन्ही खाती एकत्र बसल्यामुळे दिसले.’

मुदतवाढ आली नाही. फळा जकातवाले घेऊन गेले. सरांना मूळ शाखेत परत पाठवलं. तिथं त्यांची जागा भरलेली, म्हणून त्यांना आवक-जावकच्या टेबलाला बसवलं. काही वर्षांनी ते तिथूनच निवृत्त झाले. निरोप समारंभ झाला नाही. पोलिसांना वाटलं जकातवाले करतील, जकातवाल्यांना वाटलं आम्ही. शेवटी भोईर, किशन आणि मी, तिघांनी सरांना शिवमंदिराजवळ बोलावून चहा पाजला. किशननं हार आणला होता, तो सरांनी हातातच धरून ठेवला.

त्यानंतर मी अधूनमधून बदलापूरला त्यांच्या घरी जायचो. काकू चकल्या द्यायच्या, डबा भरून. माझी आई तो डबा कधी रिकामा परत पाठवायची नाही. एकदा मी धीर करून विचारलं, “सर, तो अहवाल दिल्याचा पस्तावा होतो का?” सरांनी अंगणातल्या कढीपत्त्याची दोन पिवळी पानं खुडली. मग म्हणाले, “कधी कधी वाटतं, त्यांना हवं तसं लिहून टाकलं असतं तर तुमचा वर्ग राहिला असता. पण ते ‘वाटले’खाली लिही.” आतून काकू म्हणाल्या, “यांच्या घरी भाजीत मीठ कमी आहे म्हणायचं तरी आधी रकाना सांगावा लागतो.”

मग माझी बदली झाली, लग्न झालं, आणि जाणं लांबत गेलं. काकूंचा एक डबा आमच्याकडेच राहिला. परवा उल्हासनगरला किशन भेटला. रस्ता ओलांडून आला आणि म्हणाला, “अरे, उसने सर गेले म्हणे.”

मी तो ‘म्हणे’ घट्ट धरला. “कुणी सांगितलं?”

“भोईरनं.”

भोईरांना फोन केला. ते आता थकले आहेत. म्हणाले, “किशनच बोलला ना मला? का चौकीत कुणी बोललं? नाय आठवत, बाबा.” सर एखाद्या खात्याचे असते तर परिपत्रक निघालं असतं, दुखवट्याची सूचना फळ्यावर लागली असती. ते कुणाचेच नव्हते म्हणून त्यांची बातमी अशी तोंडातोंडी फिरत होती. पण मला त्याचाच आधार वाटला. तोंडं दोन आणि मूळ कुठंच नाही. असली खबर सरांनी क्षणात निकालात काढली असती.

मी घरी येऊन काकूंचा डबा काढला. आईनं त्यात रव्याचे लाडू भरले. मी बदलापूरला गेलो. वाटेत मनाशी वाक्यं जुळवत होतो, की सर, तुमच्याबद्दल एक खोटी खबर पसरलीय, आणि मी ती शोधून काढलीय.

दार काकूंनी उघडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं.

“तुला कसं कळलं?” त्या म्हणाल्या.

“ऐकलं,” मी म्हटलं. “माझं चुकत असेल, पण...”

काकूंनी माझ्या हातातून डबा घेतला.

“मी पाहिलं रे,” त्या म्हणाल्या.