मेंढरांचा बिल्ला

आमच्या शेजारच्या सिंधूबाईला प्रश्न विचारायची भारी खोड. जीपवाल्याला विचारील, "एवढी माणसं भरली, आता तू कुठं बसशील?" कीर्तनकाराला विचारील, "महाराज, स्वर्गात मेंढरं हायेत का?" आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावच्या बाजारात ती दिसली की एखाद-दुसरा दुकानदार हळूच आत सटकतो. मला मात्र तिची ही खोड फार आवडते, आणि त्याला कारण आहे.

तिचा नवरा ज्ञानबा मेंढरं राखतो. आधीच बोलणं कमी, त्यातलंही निम्मं मेंढरांशी. गेल्या हिवाळ्यात माळ चढताना त्याला दम लागू लागला. छाती धरून खाली बसायचा आणि सिंधूबाई जवळ आली की पायातला काटा काढायचं सोंग करायचा. शेवटी तिने बखोटीला धरून त्याला हिंगोलीला नेला. काळजाची नळी तुंबलीय, नांदेडला जाऊन लवकर उघडून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. खर्च ऐकताच ज्ञानबा खुर्चीवरून उठला.

"कळप इकावा लागंल," घरी येऊन तो म्हणाला. "अन् कळप इकून मी जगून तरी काय करू?"

दुसऱ्या दिवशी काठी घेऊन तो पुन्हा माळावर. सिंधूबाईने त्या दिवशी कोणालाच काही विचारलं नाही. आम्हा शेजाऱ्यांना ते फार जड गेलं.

त्याच आठवड्यात जनावरांच्या दवाखान्यातला रत्नपाल मेंढरांच्या कानात पिवळे बिल्ले मारायला आला. सिंधूबाई एकेक मेंढी धरून देत होती.

"काहून मारून राहिला रे हे?"

"इमा हाय, मावशी. मेंढी दगावली तर भरपाई भेटते."

"अन् मेंढरावाला दगावला तर?"

रत्नपालने बिल्ले मारायचा चिमटा खाली ठेवला. मग तिने त्याला सगळं सांगितलं, तिथेच, मेंढीचा कान हातात धरून.

"मावशी, माणसाचाबी हाय की! राशनकार्ड अन् आधार घिऊन जा, आयुष्मान कार्ड काढा. योजनेतल्या दवाखान्यात गेलं की ऑपरेशनचा खर्च सरकार देतं. माझ्या बापाचं तसंच झालं."

"मग आजवर सांगितलं काहून न्हाई?"

"तुमी मेंढरांशिवाय कदी काही इचारलंच न्हाई!"

घ्या! साऱ्या मुलखाला प्रश्न विचारणारी बाई, आणि नेमका हाच तेवढा राहून गेला होता.

ज्ञानबा काही लगेच बधला नाही. "मी मेल्यावर भरपाई घिऊन करायचं काय?"

"अवो, मेंढीचा इमा मेल्यावर भेटतो. हा मरू नये म्हून हाय."

ज्ञानबाने काठी कोपऱ्यात ठेवली. "मंग मेंढीपरीस बरा," म्हणाला आणि पटका शोधू लागला.

गोरेगावच्या सरकारी कागदपत्रांच्या सेंटरवर रागिणी नावाची पोरगी हे कार्ड काढून देते. सोबतीला मीही गेलो होतो. चेहऱ्याची ओळख पटवायला तिने मोबाइल ज्ञानबाच्या तोंडासमोर धरला. "बाबा, डोळे मिचकावा." ज्ञानबा टकामका बघतच राहिला. तिने पुन्हा सांगितलं, तशी त्याने मोठ्या कष्टाने एकच डोळा बारीक केला.

"अगं बाई!" सिंधूबाई ओरडली. "माझ्याकडं पाहून उभ्या जल्मात कदी डोळा मारला न्हाई, अन् हितं पोरीला मारून राहिले!"

सगळं सेंटर खो खो हसलं. ज्ञानबालाही हसू फुटलं, हसताना त्याचे दोन्ही डोळे मिटले, आणि तेवढ्यात मोबाइलचं काम झालं.

"आता तुमचं, मावशी."

"मला काय धाड भरलीय?" म्हणत सिंधूबाई चपला घालून बाहेर.

नांदेडच्या दवाखान्यात योजनेचा आरोग्यमित्र असतो. कागद कुठे द्यायचे, काय लागेल, हे तो समजावून सांगतो. सिंधूबाईने त्याला इतकं विचारलं की त्याने शेवटी तिला स्वतःची खुर्ची दिली. पण खर्चाची मंजुरी येईपर्यंत तिचा चेहरा मला पाहवत नव्हता. "न्हाई म्हनले तर?" एवढंच ती विचारत राहिली, आणि मी तिला चहा आणून देत राहिलो.

मंजुरी आली. नळी उघडली. शुद्धीत असलेल्या ज्ञानबाने बाहेर येताच पहिलं काय विचारलं, तर मेंढरांना पाणी पाजलं का. सिंधूबाई हसता हसता रडली, आणि मीही.

घरी आला तरी मनगटावरचा दवाखान्याचा पट्टा तो काही कापू देईना. "माझा बिल्ला हाय," म्हणायचा. मग हळूहळू फिरायची परवानगी मिळाली. पहिल्याच सकाळी तो माळाकडे न जाता सिंधूबाईसमोर येऊन उभा राहिला.

"चल गोरेगावला. कळपात एकच बिनबिल्ल्याची राहिलीय."

सेंटरवर रागिणीने मोबाइल धरला. आता लाजायची पाळी सिंधूबाईची. मिचकावा म्हटलं की ती पदरात तोंड लपवायची. ज्ञानबा रागिणीच्या मागे जाऊन उभा राहिला आणि बायकोकडे बघून त्याने एक डोळा मिटला. या खेपेला चांगला झोकात.

परतीच्या जीपमध्ये सिंधूबाईने कोणालाच काही विचारलं नाही. अखेर जीपवाल्यालाच राहवलं नाही. "मावशी, बरं न्हाई का?"

"लई बरं हाय रे," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत हसत राहिली.