एका माणसाचा जोर

सटवाजी मिस्त्री कुणाच्याही नमस्काराला लगेच उत्तर देत नसत. आधी समोरच्याच्या हातांकडे बघत. हैदराबादच्या सरकारी वर्कशॉपात मी स्टोअरकीपर म्हणून रुजू झालो, तेव्हा माझे हात बघून ते म्हणाले, "मुन्शीजी, ह्या हातांनी कागदच उचला." पुढे कळलं, अपमान माझ्या एकट्याचा नव्हता. कागदावर पोट भरणाऱ्या कुणालाच ते माणसात धरत नसत.

मूळचे नांदेडकडचे. पंचवीस वर्षं इथे काढल्यामुळे त्यांच्या मराठीत दखनी उर्दू मुरली होती. काम एकच: चेनकप्पीनं, म्हणजे हातानं साखळी ओढून, जड यंत्रं उचलायची. आधी हुकाचं तोंड बोटानं चाचपत, साखळीला पीळ तर नाही ना ते पाहत, मग वजन वीतभर उचलून थांबत आणि कप्पी ते धरून ठेवते का, हे बघत. कुणी घाई केली की म्हणत, "लोखंडाला तुमचा हुद्दा समजत नाय, साब." साखळीला दुसरा हात लागलेला त्यांना खपत नसे. "एकानं ओढली पाहिजे. नाय ओढली, तर वजन जास्त आहे. दुसरा माणूस नक्को, मोठी कप्पी आणा."

छप्पन्न साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली तेव्हा आमची यंत्रंही वाटली गेली. काही मुंबई राज्याला, काही म्हैसूरला, बाकीची इथेच. कोण माणूस कुठे जाणार याच्याही याद्या निघत होत्या. या कामावर नेमलेले साहेब भर उन्हाळ्यातही कोट घालून फिरत. यंत्र कसं चालतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते कोणत्या रकान्यात बसतं, एवढं पक्कं ठाऊक होतं.

एका सकाळी औरंगाबादला जाणारं पंचिंग मशीन ट्रकमध्ये चढवायचं होतं. ते दोन टनांच्या वर, आणि मोठी कप्पी दुसऱ्या शेडमध्ये. साहेबांनी हाताशी होती ती एक टनाची लावायला सांगितली. मिस्त्री नाही म्हणाले आणि बाजूला झाले. साहेबांनी दुसरे दोन कामगार बोलावले. दोघांनी मिळून साखळी ओढली. मशीन कमरेइतकं वर आलं, तेव्हा बुडाशी कोरलेला नंबर वाचायला साहेब वाकून त्याच्याखाली शिरले. हुकाचं तोंड फाकत चाललेलं मिस्त्रींना दिसलं. त्यांनी धावत जाऊन साहेबांना कॉलर धरून मागे खेचलं. पुढच्या क्षणी मशीन खाली आदळलं. फरशी फुटली. साहेब जमिनीवर बसून कोटाची उसवलेली बाही चाचपत होते.

दोन दिवसांनी चौकशी लागली, वरिष्ठांच्या अंगावर हात टाकल्याबद्दल. एक टनाची कप्पी, साखळीला लागलेले दोघे, फाकलेला हुक, यातलं काहीच आरोपपत्रात नव्हतं. मिस्त्रींनी उत्तर दिलं, "कोट फाटला, त्याची माफी मागतो. आतल्या माणसाला ओढलं, त्याची नाय."

साक्षीदार मी होतो. सगळं पाच हातांवरून पाहिलेला. पण माझं नाव अजून कुठल्याच यादीत चढलं नव्हतं. घर हैदराबादच्या कोठी भागात, बायकोचं माहेरही तिथेच, आणि यादी साहेबांच्या टेबलावर. मी लिहून दिलं की त्या वेळी मी पाठमोरा होतो. साहेबांनी कागद वाचला आणि माझ्यासाठी चहा मागवला. मी तो प्यालोही.

मिस्त्रींना एक पायरी खाली उतरवलं आणि औरंगाबादच्या यादीत टाकलं. त्यांची एकुलती एक मुलगी हैदराबादेतच दिलेली. इथेच ठेवा, असा अर्ज त्यांनी केला होता. तो कुणी उघडूनही पाहिला नसावा.

काचीगुडा स्टेशनवर मी निरोप द्यायला गेलो. ते चार शब्द सुनावतील, अशी माझी तयारी होती. खरं तर त्यासाठीच गेलो होतो. ते खिडकीशी बसले होते, मुलगी खाली उभी होती.

"मुन्शीजी, तुमचं नाव हैदराबादेतच राहिलं ना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

"चला, झालं," असं म्हणून ते मुलीशी बोलू लागले.

अख्ख्या वर्कशॉपला तोंडावर नालायक म्हणणाऱ्या त्या माणसानं मला तेवढंही म्हटलं नाही.