वाहता फ्लश आणि आमचे पावणं

"आता बघा गंमत!" असं म्हणून ते दोन्ही तळहात पँटला पुसायचे. त्यानंतर हमखास काहीतरी निसटायचं, नाहीतर पाण्याची चिळकांडी थेट छताला जाऊन लागायची. आमच्या गल्लीत ज्यांच्या ज्यांच्या घरी ते नळाच्या कामाला गेले, त्या सगळ्यांनी ही गंमत पाहिलेली आहे. तुमच्याकडेही असा एखादा माणूस येत असणार. त्याचं काम चोख नाही हे ठाऊक असतं, तरी फोन त्यालाच जातो.

आम्ही त्यांना पावणं म्हणायचो, कारण ते सगळ्या जगाला पावणं म्हणायचे. घरमालक पावणं, भाडेकरू पावणं, दारात आडवं पडलेलं कुत्रंसुद्धा पावणं. "सरका पावणं, वाट द्या जरा." मूळचे आजऱ्याकडचे. काजूच्या हंगामात गावी जायचे आणि येताना आठवणीनं ओले काजूगर आणायचे. पन्नाशी ओलांडलेली, डोक्यावरचे केस काळेभोर रंगवलेले आणि मिशा मात्र पांढऱ्याशुभ्र. मिशा तेवढ्या का सोडल्या, असं मी एकदा विचारलं.

"केस बायकोसाठी, मिशी गिऱ्हाइकासाठी," ते म्हणाले. "पांढरी मिशी बघितली की लोकास्नी वाटतंय, गडी अनुभवी हाय."

ते आमच्या घरी रुळले माझ्या सासऱ्यांच्या आजारपणात. आमच्या रीतीप्रमाणे मी सासऱ्यांना मामा म्हणायची आणि सासूबाईंना आत्या म्हणते. मामांनी सगळी उमर कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यातल्या लेथ मशीनवर काढली. चार मशीनं चालू असताना पलीकडच्याला ऐकू जाईल असा आवाज. घरातही ते त्याच आवाजात मीठ मागायचे. मग एका सकाळी झटका आला आणि त्यांचं उजवं अंग गेलं. अंग हळूहळू थोडं परत आलं, पण जीभ जड झाली. शब्द ओठाच्या एका कोपऱ्यातून सांडायचे. भेटायला येणारे न कळताच "हो, हो" करून मान हलवायचे. मामांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी बोलणंच सोडलं.

डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, "यांना बोलतं ठेवा, नाहीतर आहे तेवढं बोलणंही जाईल." आम्ही सगळे प्रयत्न केले. माझा नवरा मुद्दाम चुकीच्या बातम्या वाचून दाखवायचा, म्हणजे निदान भांडतील तरी. पुतण्यांचे फोन लावून दिले. मामा भिंतीकडे तोंड करायचे. पाणी हवं असलं तर डाव्या हाताचा अंगठा तोंडाकडे, नको असलं तर पंजा आडवा. लेथवरचा तो आवाज जणू कुणी स्विच दाबून बंद केला होता.

त्यांना खाली बसवेना, म्हणून त्यांच्या खोलीला लागून असलेल्या संडासात कमोड बसवला. तो पावण्यांनीच बसवला आणि थोड्याच दिवसांत त्याचा फ्लश आपोआप वाहायला लागला. कुणी बटण दाबलेलं नसायचं, तरी टाकीतलं पाणी भांड्यात झिरपत राहायचं. मी कबनूरची. रात्रंदिवस यंत्रमागांच्या खडखडाटात वाढले. कशानंही माझी झोप मोडत नाही. पण ही बारीक धार माझ्या डोक्यात जायची. आत्या म्हणायच्या, "कुणीतरी घरात बसून सारखं नाक ओढतंय, असं वाटतंय बघ."

पावण्यांना बोलावलं. संडासाचं दार मामांच्या खाटेच्या अगदी समोर. ऐकायला तेवढं एकच माणूस जागेवर होतं, म्हणून पावण्यांनी सगळी माहिती मामांनाच द्यायला सुरुवात केली.

"मालक, ह्यो बघा, दांडीच्या टोकाला फुगा हाय. टाकी भरली की फुगा वर येतोय आणि पाणी बंद हुतंय. आता ह्यो वर येतोय, पण पाणी ऐकत न्हाय. म्हंजे आतला रबरी वायसर गेला. नवीन टाकतो. आता बघा गंमत!"

चिळकांडी उडाली ती दारातून बाहेर, मामांच्या उशीपर्यंत.

"उलटा!" मामा ओरडले. "वायसर उलटा घातलायस, गाढवा!"

आधीचे शब्द जाडेभरडे होते, पण 'गाढवा' अगदी स्वच्छ. आत्या पिठाच्या हातानं धावत आल्या आणि दारातच थांबल्या. कित्येक दिवसांत आम्ही त्यांचा आवाज ऐकला नव्हता. पावण्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते चिडले.

"गाढव कुणाला म्हणालाय मालक? ह्या हातानं अर्ध्या कोल्हापुराचं पाणी वाहतं ठेवलंय!"

"वाहतंच... ठेवलंयस!" मामा म्हणाले.

आत्या इतक्या हसल्या की पीठ डोळ्यांना लागलं. निदान डोळे पुसताना तसं म्हणाल्या.

त्यानंतर पावणं येत राहिले. फ्लश दुरुस्त व्हायचा आणि थोड्या दिवसांनी पुन्हा वाहायला लागायचा. मामांचं बोलणं फक्त त्यांच्याशी. याचं कारण मला उशिरा कळलं. मामा काही बोलले आणि समजलं नाही, तर आम्ही सगळे समजल्यासारखं करायचो. पावणं तसं करायचे नाहीत. टाकीतून डोकं बाहेर काढून ते सरळ खेकसायचे, "काय बोललासा? काय कळलं न्हाय. नीट सांगा की!" मामा संतापून तोच शब्द पुन्हा म्हणायचे. तरी कळला नाही तर आणखी एकदा. शेवटी पावणं म्हणायचे, "हां, पाना! मग पाना म्हणा की सरळ. मी म्हणतोय, ह्यांनी मधीच पणजा कुठनं काढला."

मामांना राग येण्याऐवजी हसू यायचं. वाकड्या तोंडाचं ते हसू आम्हाला फार सुंदर वाटायचं.

भांडायला त्यांना कोणताही विषय चालायचा. तांबडा रस्सा आधी प्यावा की पांढरा, यावर एकदा टाकी उघडी ठेवून एवढा वाद झाला की पाणी उंबऱ्याबाहेर आलं तेव्हाच दोघांना कळलं. पावणं मामांना आजारी माणूस मानतच नव्हते. "नुसतं पडून शिकवू नका, ह्या खुर्चीत बसा, बॅटरी धरा," असं म्हणून त्यांनी मामांना दारात खुर्चीवर आणून बसवलं. मामा डाव्या हातानं बॅटरी धरायचे आणि प्रकाश मुद्दाम पावण्यांच्या डोळ्यांवर पाडायचे. एका दिवशी पावण्यांकडून एक नट काही केल्या फिरेना. मामांनी पाना मागितला आणि डाव्या हातानं, दात आवळून, तो नट फिरवला. त्या दिवशी आमच्या घरात शिरा झाला होता. कशाबद्दल म्हणून कुणी विचारलं नाही.

पण मला एक कोडं पडलं होतं. फ्लश इतक्या वेळा बिघडतोच कसा? माझा नवरा वैतागून म्हणाला, "दुसरा माणूस बघतो. हे काम ह्यांच्या आवाक्यातलं नाही."

"नको," आत्या लगेच म्हणाल्या. "करत्यात की ते. मन लावून करत्यात."

एका दुपारी मी बाजारातून लवकर परतले. मामांना डोळा लागला होता. संडासाचं दार उघडं होतं आणि आत आत्या. पदर खोचलेला, टाकीचं झाकण काढून कमोडवर ठेवलेलं, हातात स्वयंपाकघरातली सांडशी. त्या फुग्याची पितळी दांडी वर वाकवत होत्या.

"आत्या, काय करताय?"

"बघालेय, नीट हाय का."

"सांडशी घेऊन?"

त्यांनी सांडशी पाठीमागं धरली. मग हळूच म्हणाल्या, "कालपासनं एक शब्द बोलले न्हाईत गं."

झाकण जड होतं. ते त्यांना एकटीला उचलेना, म्हणून मी दुसऱ्या बाजूनं धरलं. दोघींनी मिळून ते जागेवर ठेवलं आणि मी पावण्यांना फोन लावला. मामांची खाट समोरच. त्यांना कधीच काही दिसलं नसेल असं मला वाटत नाही. पण त्यांनी कधी विषय काढला नाही.

पावणं आले. टाकीत डोकावले आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ दांडीकडे बघत राहिले. पितळेवर सांडशीचे दात उमटले होते. मग ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि चक्क हळू आवाजात बोलले. या माणसाला हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

"वैनी, दांडी सारखी वाकवली तर तुटंल की वो. आणि मला बोलवायला एवढं कशाला? नुसता फोन केलासा तरी येतो की मी."

आत्यांचा चेहरा लालबुंद झाला. "नुसतं बोलावलं तर त्यास्नी कळंल की, त्यांच्यासाठी बोलावलंय म्हणून. मग बोलायचे न्हाईत."

पावण्यांनी मिशीवरून हात फिरवला. विचार केला. "ते बी खरंच हाय," म्हणाले. "मग सांडशीच बरी. जरा हलकं दाबा."

आणि ते वळून खोलीत शिरले आणि ओरडले, "मालक! कुणीतरी हात लावलाय हिला!"

"तूच लावलायस... मागल्या येळी!" आतून मामा.

असं बरेच महिने चाललं. मामा काठी टेकत व्हरांड्यापर्यंत जायला लागले. शेजाऱ्यांशी बोलायला लागले. कुणाला कळलं नाही तर "नीट ऐक की," म्हणून वर दटावायचेही. मग थंडीत त्यांना दुसरा झटका आला. त्यातून ते उठले नाहीत.

माणसं जमली तेव्हा पावणं सगळ्यांच्या मागे, गेटला टेकून उभे होते. दिवसकार्य उरकल्यावर एका सकाळी ते आपली गोणपाटाची पिशवी घेऊन न बोलावता आले. संडासाचं दार आतून लावून घेतलं. टाकीतलं जुनं सगळं काढलं, नवं बसवलं. काही फुटलं नाही, काही उडालं नाही. ते 'बघा गंमत'सुद्धा म्हणाले नाहीत. जाताना आत्यांना एवढंच म्हणाले, "वैनी, आता ह्यो त्रास देणार न्हाय."

आणि खरोखरच फ्लश वाहायचा थांबला. आठवडे गेले. घर इतकं शांत झालं की भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज यायला लागला. आत्या येताजाता संडासाच्या दाराशी उगीच थबकायच्या. एक दिवस कणीक मळता मळता एकदम म्हणाल्या, "मेल्यानं इतकं चांगलं काम कशाला केलं गं?"

मग त्यांनी स्वतःच फोन केला. काही बिघडलेलं नव्हतं. "चहाला या," म्हणाल्या, "मंडळींना घेऊन या."

पावणं आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, बायकोला घेऊन, हातात काजूगरांची पिशवी. सोफ्याच्या अगदी कडेला बसले, गुडघे जुळवून, परीक्षेला बसल्यासारखे. आत्याही पदर सावरत समोर बसल्या.

"काजू कसा हाय यंदा?"

"बरा हाय."

त्यांची बायको माझ्याकडे वळून म्हणाली, "घरात तोंड मिटत न्हाईत. हितं काय झालंय ह्यास्नी कुणास ठावं."

पावण्यांनी बशीतला चहा संपवला. आतल्या खोलीकडे एकदा बघितलं. "वैनी," ते म्हणाले, "आलोच हाय, तर एकदा बघून येऊ काय?"

"जा की."

ते आत गेले. टाकीचं झाकण काढल्याचा आवाज आला आणि त्याबरोबर त्यांचा तो मोठा, मोकळा आवाज सुरू झाला. "हां! मालक, आता बघा कशी भर..."

आवाज मध्येच तुटला. आम्ही तिघीही जागच्या जागी बसलो होतो. त्यांच्या बायकोनं खाली मान घातली.

आत्या उठल्या. आतल्या खोलीत गेल्या. खुर्ची फरशीवरून ओढत नेल्याचा आवाज मला ऐकू आला. मी उठून बघितलं, तर संडासाच्या दारात खुर्ची टाकून त्या बसल्या होत्या, बॅटरी धरून.

"बोला की पावणं," त्या म्हणाल्या. "बसलेय मी."

आतून नाक ओढल्याचा आवाज आला, पान्याचा टाकीवर टक्कन आवाज झाला, आणि पावणं यंदा काजूला मोहोर कसा आला होता ते अगदी सुरुवातीपासून सांगायला लागले.