दांडीच्या वाळूत टॉप मॉडेल

समुद्राचं पाणी मागच्या टायरला लागलं, तेव्हा वैभव मला विचारत होता की इन्शुरन्समध्ये समुद्र येतो का.

मी म्हटलं, "समुद्र येतोय तो आधी बघू. इन्शुरन्सचं नंतर."

वैभव एका शोरूमचा सेल्स मॅनेजर. पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, पायात पॉलिश केलेले बूट. बूट ओले झाले होते. त्याच्या मागे बोईसरजवळच्या दांडीच्या किनाऱ्यावर कंपनीची डेमो गाडी निम्म्या चाकापर्यंत वाळूत बसली होती. पिकअप, टॉप मॉडेल, ऑफ-रोड एडिशन. दरवाजावर डोंगराच्या रांगेचं चित्र. दांडीला डोंगर नाही. पण चित्र छान होतं.

मी तिथे कसा, ते सांगतो. गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये माझी नोकरी झाली. शेवटची वर्षं वर्क्स मॅनेजर होतो. रिटायर होऊन बोईसरला घरी बसलो, तसे ओळखीचे लोक गाडी घेण्याआधी विचारायला येऊ लागले. हे काम मला आवडतं. वर्कशॉपमध्ये गाडी बिघडल्यावर माणूस भेटायचा, आता बिघडण्याआधी भेटतो. तेव्हा त्याचा चेहरा बराच प्रसन्न असतो.

हरेश तांडेल असाच आला. वय चाळिशीचं, तारापूर एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर, घर दांडीला, वडिलांची मासेमारीची होडी. हातात ब्रोशर. त्याने ते माझ्यासमोर असं उलगडलं, जसं कोणी मुलीचा फोटो दाखवतं.

"साहेब, हे टॉप मॉडेल घेऊ का? खरं सांगा."

एकाच पिकअपची दोन रूपं होती. एक साधं फोर बाय फोर. फोर बाय फोर म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना देता येतो, एवढंच. दुसरं ऑफ-रोड एडिशन. इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच, चासीसुद्धा तीच. वर मिळतात जाड टायर, जरा उंच सस्पेन्शन, चाकांवर काळ्या प्लॅस्टिकच्या भुवया, हवा उंचावरून घ्यायला बाहेरून काढलेलं स्नॉर्केल नावाचं नळकांडं, आणि एक गोल बटण, ज्यावर बर्फ, चिखल, वाळू, खडक अशी चित्रं. बर्फाचं चित्र मी हरेशला मुद्दाम दाखवलं. तो म्हणाला, मासळीच्या बर्फासाठी असेल.

यातली कामाची चीज एकच, डिफ लॉक. साध्या गाडीत एक चाक निसरड्यावर गेलं की सगळा जोर त्या घसरणाऱ्या चाकाकडेच जातो, घरात जो जास्त रडतो त्यालाच खाऊ मिळावा तसा. लॉक लावला की दोन्ही चाकांना सारखंच फिरावं लागतं. वस्तू चांगली आहे. पण तिच्यासाठी एवढे जास्त पैसे? त्या फरकात त्याच्या वडिलांच्या होडीला नवं इंजिन बसलं असतं.

म्हणून मी नेहमीचा प्रश्न विचारला, गाडीला काम काय? त्याची बायको जागृती बोईसरच्या बाजारात मासळी विकते. तिचे क्रेट न्यायचे. त्याला टॉप मॉडेल कशाला, असं विचारल्यावर हरेशने ब्रोशरची घडी घातली.

मग म्हणाला, "बाबांची होडी वर ओढायची हाय."

पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर वर, सुरूच्या झाडांपर्यंत ओढून घेतात. खाली ओंडके, पुढे दोर आणि दोराला माणसं. मागच्या वर्षी माणसं जमली नाहीत. होडी अर्ध्यावरच राहिली. पावसाळ्यात समुद्राने ती उलटी केली, फळ्या फुटल्या. त्या दुरुस्त झाल्या, पण बाबांनी सांगून टाकलं होतं की यंदा होडी वर गेली नाही तर विकायची. गिऱ्हाईकही येऊन बघून गेलं होतं. केळव्याचा कोणी रिसॉर्टवाला. त्याला ती बागेत ठेवायची होती, आत कुंड्या लावून.

"माणसं कुठे गेली?" मी विचारलं.

"कंपनीत."

"तू कुठे असतोस?"

"कंपनीत."

मी पुढे विचारलं नाही. वर्कशॉपमध्ये मी एक शिकलो होतो. गिऱ्हाईक पहिल्यांदा जो बिघाड सांगतं, तो बहुतेक खरा नसतो. पण त्याला दुसऱ्यांदा यायला वेळ द्यावा लागतो.

मी एवढंच सुचवलं की घेण्याआधी गाडी वाळूवर चालवून, होडीला जोडून बघू. शोरूमने टॉप मॉडेल द्यायचं कबूल केलं आणि रविवारी दुपारी वैभव ते घेऊन दांडीला हजर झाला.

येताना त्याने मागच्या हौद्यात प्लॅस्टिक अंथरून आणलं होतं. मासळीचा वास लागू नये म्हणून. माल वाहायची गाडी आणि तिला मालाचा विटाळ. जागृतीने वाकून ते प्लॅस्टिक बघितलं, डोंगराचं चित्र बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "या गाडीतून मी उतरले तर गिऱ्हाईक बोलंल, हिला कमी द्या, हिचं बरं चाललंय."

बाबा एका उलट्या क्रेटवर बसून होते. दामोदर तांडेल, सत्तरीच्या पुढचे, उजवा खांदा कामातून गेलेला. गाडीकडे त्यांची पाठ होती. होडीकडे मात्र बघत होते. ती थोड्या अंतरावर, खालच्या वाळूत तिरकी बसली होती.

मी वैभवला सांगितलं की आधी टायरमधली हवा कमी करू. वाळूवर चालायची अर्धी विद्या एवढीच. हवा कमी केली की टायर पसरतो, उंटाच्या पावलासारखा, आणि वाळूत घुसत नाही. याला पैसे पडत नाहीत. व्हॉल्व्ह दाबायला काडेपेटीची काडीसुद्धा पुरते.

"नाही सर, डेमो गाडीच्या हवेला हात लावता येत नाही. पॉलिसी आहे. आणि आपल्याकडे सँड मोड आहे ना."

होडीला दोर बांधण्याआधी त्याला एक छोटा व्हिडिओ हवा होता. लाटा बंपरवर आपटतायत, मागे सूर्य, असा. तो गाडी घेऊन थेट पाण्याच्या कडेला गेला. ओल्या वाळूवर गाडी छान धावते, तशी धावली. पण त्याने ती लाटांत उभी केली आणि मोबाइल घेऊन खाली उतरला. मी ओरडलो, थांबवू नको. त्याने हात हलवून मलाच नमस्कार केला.

ओल्या वाळूवर चालत राहिलं तर ती रस्ता असते. थांबलं की परत जाणारी प्रत्येक लाट टायरखालची थोडी थोडी वाळू घेऊन जाते. वैभवचा व्हिडिओ पूर्ण होईपर्यंत गाडी बसली होती. त्याने सँड मोड लावून पाहिला. एक्सिलरेटर दाबला. मग डिफ लॉक. आधी गाडी तिरकी रुतली होती, लॉक लावल्यावर सरळ रुतली. एवढा फायदा मान्य केला पाहिजे.

आणि भरती लागली होती.

वैभवने ट्रॅक्टरसाठी फोन लावले. एक लग्नाला गेला होता, म्हणजे मालक. दुसऱ्याने तास-दीड तास सांगितला. बाबांनी पाण्याकडे बघितलं आणि पहिल्यांदा तोंड उघडलं.

"तवर पाणी सीटवर येल. हरेशा, जा. घरोघर सांगून ये."

हरेश हलला नाही.

मला वाटलं, ऐकू आलं नसेल. तेव्हा जागृती बोलली, माझ्याशी बोलल्यासारखं करून, पण त्याला ऐकू जाईल अशा आवाजात.

"तो नाय जाणार. कंपनीत लागल्यापासून कोणाच्या दोराला हात लावला नाय त्यानं. मग बोलवायचं कोणत्या तोंडानं?"

त्या गावात होडी ओढायला मजुरी नसते. मालकाने स्वतः घरोघर जाऊन सांगायचं, होडी वर घ्यायची हाय. लोक येतात, ओढतात, चहा पितात, असेल ती मासळी घेऊन जातात. आणि त्यांच्या वेळी मालकाने जायचं. हे कुठे लिहिलेलं नाही, पण सगळ्यांच्या लक्षात असतं. हरेश शिफ्टच्या नावाखाली दरवर्षी चुकवत आला होता. आधी खरोखर शिफ्ट असायची, पुढे लाज वाटू लागली. मागच्या वर्षी माणसं जमली नव्हती असं त्याने मला सांगितलं होतं. खरं म्हणजे तो सांगायलाच गेला नव्हता.

टॉप मॉडेल का हवं होतं, ते आता मला कळलं. त्याला होडी ओढायला गाडी नको होती. कोणाला हाक मारावी लागू नये म्हणून गाडी हवी होती. ब्रोशरमध्ये हे फीचर नव्हतं.

वैभव पाण्यात उभा होता. पुढच्या लाटेने त्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजवली. आवाज बारीक करून तो हरेशला म्हणाला, "भाऊ, माझी नोकरी जाईल."

हरेशने त्याच्याकडे बघितलं. मग बाबांकडे. मग चप्पल हातात घेऊन वस्तीकडे पळत सुटला. स्वतःसाठी त्याला जमलं नसतं. परक्यासाठी मागायला तोंड उघडतं, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय.

रविवार होता. कंपन्यांत जाणारे बरेचजण घरी होते. बायका पुरुष मिळून वीस-पंचवीस माणसं आली, फावडी, ओंडके आणि दोर घेऊन. सर्वांत पुढे बाबांच्याच वयाचे पांडूतात्या. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, स्नॉर्केल हाताने ठोकून बघितलं आणि विचारलं, "हरेशा, ही तुजी नवी होडी काय? हिला चाकं हायत."

"कवा बुडवायची होती? आमाला बोलवायचं तरी," मागून कोणीतरी म्हणालं.

हरेशने सगळं ऐकून घेतलं. त्या दिवशी जो येत होता तो काहीतरी ऐकवूनच दोराला हात लावत होता. शिफ्टची चौकशी झाली, कंपनीत दोर ओढायला बंदी आहे का असं विचारून झालं. पण जो तो ऐकवत होता, तो दोर धरूनच.

चाकांपुढची वाळू काढली. ओंडके घातले. मी चारही टायरमधली हवा कमी केली. पॉलिसीबद्दल या वेळी कोणी बोललं नाही. वैभवला स्टेअरिंगवर बसवला आणि बजावलं की पाय हलका ठेव, सँड मोड विसर. हरेश दोराला सर्वांत पुढे होता. पहिल्या हिसक्याला गाडी नुसती हलली, दुसऱ्याला चढली, आणि मग माणसं पुढे, गाडी मागे, अशी वरात कोरड्या वाळूपर्यंत गेली.

लोकांनी दोर खाली ठेवला नव्हता. बाबा क्रेटवरून उठले. डावा हात होडीच्या दिशेने करून म्हणाले, "दोर हातात हाय तवर..."

वाक्य पूर्ण करायची गरज पडली नाही. पांडूतात्यांनी ओंडके उचलायला सांगितले. होडी गाडीपेक्षा जड निघाली आणि जास्त हट्टी. तिला सुरूपर्यंत न्यायला बराच वेळ लागला. मीही दोराला हात लावला. माझा उपयोग किती झाला कोण जाणे, पण पाठ आठवडाभर दुखत होती. वैभवने बूट काढले होते आणि तो खरोखर ओढत होता.

चहा झाला. वैभवने खिशातून पाकीट काढलं, तेव्हा जागृतीने त्याचा हात मागे सारला.

"ठेव ते. इथं दोराला हात लावायचा असतो, खिशाला नाय."

मग तिने त्याला पाण्याचा पाइप दिला. खारं पाणी चासीला लागलं की गंज आतून चढतो, म्हणून गाडी लगेच गोड्या पाण्याने खालून धुवावी लागते. मे महिन्यात तिथे पाणी किती जपून वापरतात ते मला माहीत आहे. तिने तरी पाइप बंद करायची घाई केली नाही. धुऊन झाल्यावर वैभवने हौद्यातलं प्लॅस्टिक काढलं आणि जागृतीने दिलेली बोंबलांची पिशवी मागे ठेवली. शोरूममध्ये त्याने वासाचं काय सांगितलं, ते मी विचारलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात हरेश पुन्हा माझ्याकडे आला. या वेळी ब्रोशर नव्हतं. आम्ही साधी मालवाहू पिकअप ठरवली. लांब हौदा, दोनच चाकांना जोर, दरवाजावर काहीही नाही. जागृतीच्या क्रेटना ती पुरते. राहिलेल्या पैशांतून होडीचं इंजिन आलं. केळव्याच्या रिसॉर्टवाल्याने कुंड्या दुसरीकडे लावल्या असाव्यात.

वर्षभराने, यंदाच्या मे महिन्यात हरेशचा फोन आला. "साहेब, रविवारी होडी वर घ्यायची हाय. तुमाला सांगतोय." मी विचारलं, पिकअप लावणार का? तो म्हणाला, ती जागृती बाजारात नेणार. मी गेलो. वैभव माझ्या आधी पोचला होता, घरूनच चप्पल घालून. आदल्या दोन रविवारी हरेशने कोणाकोणाच्या होड्या ओढल्या, ते पांडूतात्या मला सांगत होते आणि वर म्हणत होते की त्याला अजून नीट ओढता येत नाही.

अजूनही लोक विचारायला येतात की टॉप मॉडेलचे जास्तीचे पैसे वसूल होतात का. मी सांगतो, आधी एकदा गाडी किनाऱ्यावर नेऊन रुतवा आणि कोण येतं ते बघा. दहा माणसं आली तर साधं मॉडेल घ्या. कोणीच आलं नाही, तर टॉप मॉडेलही पुरायचं नाही.

हवा मात्र दोन्हींमधली आधी कमी करा.