वनमालेच्या घरचा टीव्ही गेम

वाकोल्याच्या त्या चाळीत सुगंधा पेडणेकरला मोठ्याने भांडताना कोणी ऐकलं नव्हतं. पण तिचा राग लोणच्यासारखा मुरतो, हे तिच्या नवऱ्याला, दशरथला, पक्कं ठाऊक होतं.

गेल्या गणपतीतला राग तर वर्षभर मुरला होता. सुगंधाकडे आरती चालू असताना समोरच्या वनमालेने भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर सिनेमा लावला. एकेक करून चाळ उठली. शेवटी उरले नवराबायको आणि कानाने अधू धाकूकाका. वर दुसऱ्या दिवशी वनमाला म्हणते, "तुझा बाप्पा रुसला नाय ना गं? त्याला पण पाठवायचा होतास सिनेमाला!"

माणसं गेली त्याचं एक वेळ सोडा. पण देवाची चेष्टा? ते काही सुगंधाच्या मनातून जाईना.

यंदा श्रावणात स्टेशनबाहेरच्या दुकानात नवीकोरी वस्तू आली, टीव्ही गेम. काळी पेटी टीव्हीला जोडायची आणि पडद्यावरची विटांची भिंत चेंडूने फोडायची. चाळीत अजून कोणाकडे नव्हता.

"आपण घेऊया," सुगंधा म्हणाली. "बघते कोण उठतं माझ्या आरतीतून!"

दशरथ अंधेरीला टीव्ही जोडायच्या कारखान्यात होता. "पहिलाच माल आहे गं. बिघडला तर दुरुस्त कोण करणार? पार्ट मिळायचे नाहीत. आणि एकच चित्र तासन्‌तास उभं राहिलं तर काचेवर डाग पडतो, तो मग जात नाही. वर्षभर थांब. आधी लोकांना घेऊ दे."

लोकांना घेऊ दे. सुगंधाचं लाटणं थांबलं.

सकाळी आंघोळ करून तिने देव्हाऱ्यातल्या नारळाला गावच्या रवळनाथाच्या नावाने दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. गावाला कौल गुरव लावतो, इथे तिचा तिनेच लावला. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

"देवा, मी घेऊ?"

डावी पडली. ती तिने पुन्हा ओली करून चिकटवली.

"आणि वनमालेने घेतला तर?"

बराच वेळ काही हललं नाही. मग उजवी सुळकन खाली आली. सुगंधाने डोकं टेकलं.

त्याच दिवशी नळावर ती सहज बोलून गेली, "गणपतीत टीव्ही गेम आणायचं मनात होतं गं. चाळीत पहिला." खोटं एक अक्षर नव्हतं. मनात होतंच.

वनमालेची बादली भरून वाहू लागली. "कुठे मिळतो गं?"

"स्टेशनबाहेर."

आठवड्यात पेटी वनमालेकडे आली. "तुझ्या आधी आणला हां, राग नको मानू!"

"राग कसला? झकास झालं."

वनमालेने मग ती बंदच केली नाही. कोणी खेळो न खेळो, येणाऱ्याजाणाऱ्याला भिंत दिसायला हवी ना! चतुर्थीला सुगंधाकडे आरती सुरू झाली तेव्हा निम्मी चाळ समोर ओरडत होती. सुगंधा डोळे मिटून टाळ्या वाजवत राहिली. मध्येच समोरचा गलका तुटला. करपलेल्या वायरीचा वास गॅलरीभर पसरला. माणसं आपापल्या चपला शोधत इकडे आली आणि मान खाली घालून आरतीत मिसळली.

जळालेली पेटी बघून दुकानदाराने हात वर केले. "कंपनीचा माणूस आला की बघू." टीव्ही चालत होता, पण काचेवरची भिंत काही गेली नाही. बातम्या देणारी बाई आता विटांच्या मागून बोलायची. चाळीने पोट धरधरून हसून घेतलं.

पाचव्या दिवशी वनमाला सुगंधाकडे जेवायला आली. "तू कधी आणतेस तुझा?"

"मी नाही आणत. देवाने कौलच दिला नाही."

"कधी लावलास?"

"नळावर तुला बोलले ना, त्याच सकाळी."

वनमालेच्या हातातला मोदक हातातच राहिला. "मग मला तेव्हा नाही सांगितलंस?"

"तुझा कौल वेगळा आला होता," सुगंधा म्हणाली. तिने वनमालेच्या पानात आणखी एक मोदक वाढला आणि त्यावर तुपाची धार सोडली.