हसनभाई आणि मागच्या डाव्या चाकाचा दिवा

हसनभाई गाडीशी बोलताना माणसांना गप्प बसवत. कट्टा गावच्या बाजारात त्यांचं गॅरेज होतं. गाडी आत घेतली की मालक तक्रारींचा पाढा वाचायला लागे, आणि हसनभाई बॉनेटवर तळहात ठेवून, पोराचा ताप बघावा तसे उभे राहत. "बाईनू, जरा गप ऱ्हवा. आधी तिका बोलूं दे." मी शिक्षिका, शाळेत दिवसभर बोलून आलेली, मला असं गप्प करणारा तालुक्यात तो एकच माणूस.

त्यांच्या घरी पूर्वी मासेमारीच्या होड्या होत्या. होडीच्या लाकडाला माशाचं तेल लावायची घरची सवय त्यांनी गॅरेजात आणली. पावसाळ्याआधी ठरलेल्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांना खालून माशाचं तेल मारायचं, म्हणजे खारी हवा पत्रा खात नाही, असं त्यांचं मत. गिऱ्हाईक नको म्हणालं तरी मारत. पुढे आठवडाभर गाडी मासळी बाजारासारखी घमघमे आणि शाळेच्या आवारातली मांजरं माझ्यामागून फिरत. मी कुरकुरले की म्हणत, "वास जातलो, पत्रो ऱ्हवतलो."

माझे वडील, आबा, तेव्हा डायलिसिसवर होते. धामापूरहून ओरोसच्या इस्पितळात त्यांना मीच गाडीने नेत असे. एके दिवशी डॅशबोर्डवर ब्रेकचा पिवळा दिवा लागला, आणि उतारावर गाडी हळू करताना ब्रेक पायाखाली टरटरला. क्षणभर गाडी थांबेचना. आबांनी मागून देवीचं नाव घेतलं.

हसनभाईंनी गाडी फिरवून आणली. दिवा नाही, टरटर नाही. "दिवो खोटा बोलता, गाडी नाय," ते म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं वाक्य. पण मी आबांना घेऊन निघाले की दिवा हजर! शेवटी त्यांनी कुडाळहून दोष वाचायचं यंत्र आणवलं. यंत्र म्हणालं, मागच्या डाव्या चाकाचा सेन्सर. चाक किती वेगाने फिरतंय ते हा सेन्सर सांगतो. तोच चुकला तर चाक अडकलंय असं गाडीला वाटतं आणि ती आपणहून ब्रेक सोडते. त्यांनी नवा सेन्सर बसवला. पुढच्याच फेरीला दिवा पुन्हा लागला.

मग घोळ सुरू झाला. डाव्याचा सेन्सर उजवीकडे लावला, उजव्याचा डावीकडे. दोष मात्र डावीकडेच राहिला. चाकाचं बेअरिंग बघितलं, ठीक. गाडी जॅकवर उचलून सेन्सरची तार मीटरने तपासली, तीही ठीक. गॅरेजात चहा प्यायला जमणाऱ्यांपैकी प्रत्येकाचं वेगळं निदान होतं; एकाने तर नारळ ठेवायला सांगितलं. मला कोणाचंच काही कळत नव्हतं, आणि हसनभाईंनाही कळत नाही हे बघून जास्तच भीती वाटायची.

त्यांचा मुलगा गोव्यात होता आणि कधीपासून बोलवत होता. एका दुपारी ते पाना हातात धरून नुसतेच बसून राहिले. "ह्या माका गावला नाय तर शटर ओढतलंय आणि गोंयाक झिलाकडे जातलंय. हात ऐकनासे झाले, बाईनू." थट्टा समजून मी हसले. ते हसले नाहीत.

पुढच्या खेपेला आम्ही ओरोसहून परत येत होतो. दिवा लागलेलाच होता, म्हणून थेट गॅरेजात गेलो. हसनभाईंनी गाडी तपासणीच्या खड्ड्यावर घ्यायला सांगितली. आबा उतरायला लागले तसा त्यांनी हात वर केला. "उतरा नको, आबानू. तुमी नसलात की ही बरी आसता. जरा डाव्या बाजूक सरका."

"म्हणजे माज्या वजनान गाडी बिघाडता?" आबांना तो भयंकर अपमान वाटला. तरी सरकले.

हसनभाई खड्ड्यात उतरले. मागे वजन पडलं की चाकाजवळची तार एका जागी वाकत होती. जॅकवर गाडी उचलली की ती सरळ होई आणि तुटलेली टोकं पुन्हा एकमेकांना टेकत. इतके दिवस त्यांनी गाडी रिकामीच तपासली होती. ते खालून ओरडले, "गावला!" मी टाळ्या वाजवल्या.

वर आले तेव्हा त्यांच्या हातात तारेचा तुकडा होता. त्यावरचं प्लॅस्टिक कुरतडलेलं, दातांच्या खुणा स्पष्ट. त्यांनी तो नाकाशी धरला, मग माझ्यापुढे केला. माशाच्या तेलाचा वास. "उंदरान खाल्ल्यान. आणि उंदराक जेवाक मियाच बोलवलंय."

त्यांनी तार बदलली आणि दिवा गेला तो गेलाच. पुढचे काही दिवस हसनभाई ज्यांच्या ज्यांच्या गाड्यांना तेल मारलं होतं त्यांच्या दारात जाऊन, साबणाचं पाणी घेऊन, आडवे होऊन गाड्या खालून धूत होते. लोक म्हणत, अहो राहू द्या. ते ऐकत नव्हते. धुऊन झाल्यावर प्रत्येक तार बोटांनी चाचपून बघत. आणि शेवटची गाडी धुऊन झाल्यावर त्यांनी खरंच शटर ओढलं.

मी त्यांना स्टॉपवर गाठलं तेव्हा ते पिशवी मांडीवर घेऊन कुडाळच्या एसटीची वाट बघत होते. मी म्हणाले, "हसनभाई, असं काय करता? सापडला ना दोष! नाही सापडला तर जाणार होतात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बॉनेटवर ठेवत तसा माझ्या डोक्यावर तळहात ठेवला.

"गावला म्हणान तर जातंय, बाईनू. खोट माज्याच हातात निघाली. गावला नसता तर हयच शोधीत ऱ्हवलंय असतंय."

एसटी आली. मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. आधी काय आलं ते आजही सांगता येत नाही.