किती दुखतं ते सांग, बाय

अंगणात कोकमं वाळत घातली की बघता बघता पाय ठेवायला जागा उरत नाही. माझ्या डोक्यात या दातांच्या सर्व्हेचं तसंच झालंय. कुणाला तरी सांगून थोडी जागा करावी म्हणते.

मी दहावी पास. रत्नागिरीत एका दातांच्या दवाखान्यात बरीच वर्षं मदतनीस आहे. पुण्याच्या एका डॉक्टर मॅडमना आमच्याकडच्या शाळांत सर्व्हे करायचा होता. दातांच्या दुखण्याचा मुलांच्या खाण्यावर, झोपेवर, अभ्यासावर, हसण्यावर किती परिणाम होतो ते मोजायचं आणि परदेशातल्या मुलांशी ताडून बघायचं. प्रश्न वाचून दाखवायला मी. काम चांगलंच होतं हो! पण फक्त मोजायचं. दुखऱ्या दाताला हात लावायचा नाही, हे मला गाडीत बसल्यावर कळलं!

* * *

पहिल्याच शाळेत प्रश्न होता, "कडक पाव चावताना त्रास होतो का?"

एक मुलगा म्हणाला, "नाय. आमी चायत बुडवून खातो."

सगळ्या वर्गाने हेच सांगितलं. म्हणजे कुणालाच त्रास नाही! मी म्हटलं, "मॅडम, फणसाच्या भाजलेल्या आठळ्या विचारू या का? नाहीतर चणे?"

"काकू, प्रश्न बदलला तर देशादेशांची तुलना कशी होणार?"

"तुलना पावाची करायची आहे की पोरांची?" मी विचारलं. मॅडम हसल्या. मला काही हसू आलं नाही.

* * *

दुसऱ्या एका शाळेत आम्ही पोचण्याआधीच हेडसरांनी मुलांना तंबी दिली होती, "पाहुणे येतायत. शाळेचं नाव राखा!"

मुलांनी राखलं. दुखतं का? कधीच नाही. झोपमोड होते का? कधीच नाही. त्यातल्या एकाचा गाल पुरणपोळीसारखा फुगलेला!

"अरे, हे काय मग?"

"सरांना विचारून सांगतो," तो म्हणाला.

* * *

मुली बोलताना तोंडावर हात धरत. मॅडम म्हणाल्या, "बघा काकू, दातांची किती लाज वाटते यांना!" आणि टिपूनही घेतलं.

एकीला मी म्हटलं, "हात काढ गो." काढला. दात कसे? मोगऱ्याच्या कळ्या!

"मग झाकतेस कशाला?"

"मोठ्यांसमोर दात काढले तर आजी ओरडते."

आमच्याकडे पोरीला हसू आलं तरी तोंडावर हात, आणि रडू आलं तरी तोंडावर हात. आता यातून कुणी दात कसे ओळखायचे?

* * *

त्यानंतरची शाळा डोंगराच्या पलीकडची, आडगावातली. नववीच्या वर्गात सगळ्यांनी एकच लिहिलं. खालची उजवी दाढ दुखते, रोज. झोप लागत नाही, रोज. मॅडम चक्रावल्या, "अख्ख्या वर्गाची एकच दाढ?"

चौकशी केल्यावर कळलं. सानिका वर्गात पहिली येते. परीक्षाच आहे समजून सगळ्यांनी तिचं बघून लिहिलेलं!

सानिकाला पुढे बोलावलं. दाढ पोखरून काळी पडलेली, हिरडी सुजलेली. "गणिताच्या तासाला डोकं ठणकतं ओ," ती म्हणाली. "फळ्यावरचं काय कळत नाय."

मॅडमनी त्या वर्गाचे सगळे कागद बाजूला ठेवले. हे धरायचे नाहीत म्हणाल्या.

"अहो, पण सानिकाचं खरं आहे!"

"खरं असेल काकू. पण विश्वासार्ह नाही."

मी म्हटलं, मग तिला निदान गाडीतून दवाखान्यात तरी नेऊ. ते नियमात बसत नव्हतं. मॅडमनी वर्गाच्या सरांना सांगितलं, पालकांना कळवा. सर म्हणाले, बाप मुंबईला कामाला, आई भाताच्या लावणीला जाते, कळवतो. मी आपली पर्समधली लवंग काढून पोरीच्या हातावर ठेवली. दवाखान्यातली बाई, आणि देते काय तर लवंग!

* * *

नवरात्र झाल्यावर त्या वर्गाचं पुन्हा करायला गेलो. या वेळी मॅडमनी कडक बंदोबस्त केला. एकेकाला ऑफिसात बोलवायचं, दार बंद, कुणाचं बघून लिहिणं नाही.

सानिका आली. एक गाल टरारलेला, त्यामुळे डोळा बारीक झालेला. मॅडमनी स्वतः तिला पाणी दिलं, जवळ बसवलं आणि मायेने प्रश्न वाचले. दुखतं? रोज. झोप? नाय. शेवटचा प्रश्न होता, "या दुखण्याबद्दल तू कोणा मोठ्या माणसाला सांगितलंस का?"

"हो."

"छान!" मॅडम म्हणाल्या. "कोणाला? आई, बाबा, शिक्षक, की इतर कोणी?"

सानिका माझ्याकडे बघून मग मॅडमकडे वळली.

"तुमालाच ना. मागच्या टायमाला."